यादीतलं नाव

आई गेल्यानंतर तिचा लॅपटॉप कोरा करून घ्यायला मी दुरुस्तीच्या दुकानात रांगेत होते. पुढे एक काकू होत्या. दुरुस्ती करणारा मुलगा त्यांचा लॅपटॉप उघडून त्यांना समजावत होता.

"काकांनी गाण्याच्या सॉफ्टवेअरला बासरीचा आवाज जोडायला बनवलेला प्लगिन जुन्या डिस्कबरोबरच गेला, काकू."

"पण यादीत ह्यांच्या बासरीचं नाव दिसतंय की!"

"सॉफ्टवेअर एकदा तपासतं आणि लक्षात ठेवतं. दरवेळी आत डोकावत नाही."

"अगदी ह्यांच्यासारखं. फ्रिज न उघडताच दूध आहे म्हणायचे."

"म्हणून गाणं उघडताना 'सापडत नाही' म्हणत अडतं. यादी पुसून नव्याने तपासायला लावू?"

"मग नाव?"

"जाईल."

"आणि नाही पुसली तर?"

"दरवेळी 'ठीक आहे' दाबावं लागेल. बासरी तरीही वाजणार नाही."

"ते कळलं. दाबेन मी. द्या इकडे."

"पुढचं कोण?"

मी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.