हवालदारांची टोपी

चष्म्याच्या दुकानात बरीच गर्दी होती. दांडी तुटलेला चष्मा हातात घेऊन कारखान्याचा फोरमन बाकावर बसला होता. रोज उशिरा येणाऱ्या नव्या वेल्डरला द्यायचा मेमो त्याच्या खिशात होता, सही तेवढी बाकी. शेजारी सुट्टीवर आलेला एक जवान आपल्या आत्याशी बोलत होता.

“हजेरीला तीनदा उशीर? हवालदारांनी सोलूनच काढलं असेल तुला!”

“नाही गं आत्या. स्टोअरच्या मागे नेलं आणि टोपी काढली.”

“तुझी?”

“स्वतःची. त्यांनी टोपी काढली, की ते बोलणं कागदावर जात नाही. मग विचारलं, ‘रात्री झोप का लागत नाही रे?’”

“दादाच्या दुखण्याचं सांगितलंस ना?”

“बाबांचं सगळं सांगितलं. म्हणाले, ‘काळजी कर, पण हजेरी चुकवू नकोस. उद्यापासून मी उठवतो.’ आठ दिवस स्वतः यायचे. माझ्या कॉटच्या पायथ्याशी उभे राहून हाक मारायचे. टोपी हातात.”

“एवढा मोठा माणूस! आणि तू खुशाल लोळत पडायचास?”

“लाज वाटायची गं. नवव्या दिवशी मीच त्यांना उठवायला गेलो.”

“अगोबाई! मग?”

“बूट घालून तयार बसले होते. हसून म्हणाले, ‘आता घालू का टोपी?’”

“चला, पुढचा नंबर कुणाचा?” दुकानदाराने विचारलं.

फोरमनने खिशातला मेमो काढला, तुटका चष्मा त्यात नीट गुंडाळला आणि तो उठला.