एका प्याल्यातली राष्ट्रं

—हलू नगा, पाद्रीबाबा. हलला की परत रगात सुटंल. हळद बसू द्या जखमंत. आडवं बी व्हऊ नगा, चक्कर येईल, भितीला टेकून बसा गप. आता भाईर जाऊन करणार काय तुमी? प्रार्थना मोडली ती मोडली. प्याला सांडला त्यो सांडला. देवळात आता कुत्रं न्हाय, आन दगूड मारणारी ती गावातली पोरं, पाटलाच्या आळीची, ती कवाच कालव्याच्या अंगानं पसार झाली असतील. घावत्यात व्हय आता? दगूडच हुता, मी सांगती न्हवं. खिडकीतनं आला. ह्ये बघा, कसा गोल रुतलाय, काठीच्या कड्यावाणी— न्हाय, तसं न्हाय, कालव्यातलं गोटं गोलच असत्यात की. मी आपली बोलती. माझ्या बोलण्याकडं ध्यान दिऊ नगा.

गडी? गडी गेल्यात कामाला. रविवार हाय, व्हय, मला न्हाय व्हय ठावं? पर कारखान्याच्या उसाला पाण्याची पाळी हाय, पाट सुटला की सुटला, पाण्याला कुठं रविवार कळतोय. समदेच गेल्यात, व्हय. काठ्या? आवं उसात जनावर असतंय, काठी नगं? तुमी नगरचं, तुमाला उसातलं काय ठावं! पाणी प्या. ह्यो तांब्या माझ्याच घरचा हाय, घासलेला हाय.

खरं सांगू? लहान तोंडी मोठा घास घेती, पर चुकलं तुमचंच. वरीसभर ती गेणू मांगाची माणसं देवळाच्या वळचणीला बसून ऐकत हुती— कुणी काय बोललं? पावसाचं आत सरकली तरी आमी नजरंआड केलं. आमीच त्येंच्या लेकरांस्नी भाकरी दिली. वरनं टाकली, पर दिली न्हवं? मग आज एकदम म्होरं आणून कशाला बसवलंत? बाप्तिस्मा दिलात, ठीक हाय, द्या की— कालव्याचं पाणी वाहतं, वाहत्या पाण्याला इटाळ न्हाय. पर प्रभूभोजनाचा प्याला? आदी सिंधूच्या तोंडाला लावलात, गेणूच्या बायकूच्या, आन त्योच प्याला तसाच वला आमच्या म्होरं धरलात! वर शास्त्र सांगितलंत. समद्या राष्ट्रांस्नी शिष्य करा म्हणून वरचा धनी सांगून गेला. राष्ट्र म्हंजी राजाचं राज्य न्हवं म्हणालात, राष्ट्र म्हंजी ज्येची त्येची माणसं, ज्येची त्येची बोली, ज्येची त्येची चूल. म्हार एक राष्ट्र, मांग एक राष्ट्र. आन शेवटाला समदी राष्ट्रं सिंहासनाम्होरं हुबी ऱ्हात्यात. मी नीट ऐकलं, बाबा, माझं कान शाबूत हायती. हुबी ऱ्हात्यात म्हणालात— एका ताटात जेवत्यात असं कुठं म्हणालात? तितं जाऊन सुदिक राष्ट्रं वळखू येत्यात म्हंजी ज्येची त्येची रांग असणार. आमची रांग म्होरं, मांगाची मागं. मग जे देवाला चालतंय ते तुमाला का चालंना? हसू नगा, कपाळ ताणतंय.

तुमची मूळची जात कंची हो? ख्रिस्ती? ती आत्ताची झाली. बरं, ऱ्हाऊ द्या. न सांगणाऱ्याला खोदून इचारू न्हाय.

त्यो मिशनचा म्हातारा गोरा सायब पयल्यांदा आला तवा नकोशी माझ्या पोटात हुती. हितंच चिंचंखाली आमच्या खाटंवर बसला— आमच्या खाटंवर, बाबा! माझ्या सासऱ्याला इचारलं, तुमी कोण? सासरा म्हणला, जोहार मायबाप, गावचं म्हार. सायब म्हणला, न्हाय. तुमी राष्ट्र हाय. देवानं नाव घिऊन बलिवलेलं राष्ट्र. आख्खा म्हारवाडा एका दिवसात कालव्यात उतरला. सासरा मरंस्तवर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, बावड्याच्या बाजारात सुदिक, आमी राष्ट्र हाय म्हणून. लोक हसायची. हसू द्यात! आता गेल्या साली येवल्याला सभा झाली तवापासनं कळस गावाकडली आमची माणसं बी धर्म सोडायचं बोलत्यात— पर आमाला आमचं नाव आदीच भेटलं हुतं. जल्मात एवढी एकच गोष्ट भेटली, कुणाची उष्टी नसल्याली. तीच उचलून तुमी मांगाच्या पदरात टाकली, तर आमच्यापाशी ऱ्हायलं काय?

आन फुकाट न्हाय भेटली ती. बाप्तिस्मा झाल्यावर ठरलं की मेलेलं ढोर वडायचं न्हाय. पाटलाचा बैल मेला. नकोशीचा बा, माझं मालक, चावडीवर जाऊन म्हणलं, आमी न्हाय वडणार. तितंच लिंबाला बांधला त्येंला. आसूडानं फोडला. पाठ कुठली आन अंगरखा कुठला कळंना, मी कडंला हुबी, पोर काखंला, आन गावातल्या बाया म्हणत्यात, मार आजून, लई राष्ट्र झालाय. उजवा खांदा गेला त्यो गेलाच. दोर कुणाचा हुता ठावं हाय? गेणूचा. वाखाचा, नवाकोरा, आदल्या दिशी वळलेला. आन बैल वडला कुणी? गेणूनं. व्हय, व्हय, पाटलानं मागितला म्हणून दिला, न्हाय म्हणला असता तर त्येला बी दुसऱ्या झाडाला बांधला असता. कळतंय मला. सोळा आणे कळतंय. पर कळून काय करू? पाटलाला मारता येत न्हाय, बाबा. पाटलाकडं माणसं हायती, फौजदार हाय. गेणूकडं कोण हाय? मारायला आमाला गेणूच तेवढा घावतो. आता दुखतंय का? फटका डाव्या हाताचा हुता म्हणून वाचलात, उजवा धड असता तर डोस्कं—

काय बोलली मी?

बरं. काठीच हुती. नकोशीच्या बाचीच. पर तुमाला मारायचं न्हवतं त्येंच्या मनात, देवाशप्पथ, प्याला उडवायचा हुता. तुमीच मधी डोस्कं घातलंत. न्हाय न्हाय, उठू नगा! बसा खाली! मला सांगून गेल्यात, पाद्रीला भाईर सोडू नगंस. तुमच्याच जीवासाठी, दुसरं काय? मधी पडलात तर गडी आता आपपर बघायचं न्हाईत. काय करणार हायती म्हंजी? नुसती दहशत घालायची. मांगांनी परत देवळाची पायरी चढू नये एवढंच. मांगवाड्याची दारं भाईरनं बांधायची. गेणूच्याच दोरानं बांधा म्हणत हुता संभाजी, माझा दीर, लई हसत हुता— आन छपराला जरा इस्तू लावायचा. देवळातल्या दिव्याचं रॉकेल हाय, ते असून असून किती असंल? पाचटाचं छप्पर काय, भडकतं आन इझतं. लुगडी जळतील, भांडी काळी व्हतील. माणसं निघतील की. कुडाच्या भिती त्या, लाथ घातली की वाट.

कसला धूर? कुठं? त्यो व्हय, कुणीतरी पाचट जाळलं असंल रानात. खिडकीला काय चिकटलाय, हिकडं बघा माझ्याकडं. वरडणं बी काय न्हाय, वारं हाय.

नकोशी? ती असंल की. भांडाण लागलं तवा मीच तिला म्हणलं, घरला पळ. घरात न्हाय ती, मग शेजारी असंल, बनाबाईकडं. तुमाला तिच्याशी काय करायचंय?

काय? प्याला घेतला? तिनं? सिंधूच्या हातनं? खोटं. मी बसली हुती की बायांत— मी मान खाली घातली हुती, व्हय, पर खोटं. लग्नाला आलेली पोर ती, लासुर्ण्याची माणसं येणार हायती बघायला. प्याली? तिच्यामागनं, त्याच जागंला त्वांड लावून? तुमी डोळ्यानं बघितलंत. म्हणून काठी उचलली त्येंनी. लेकीला बघून उचलली.

आन मग? मग गेली कुठं?

कुणाचा हात धरून?

सिंधूसंगं? सिंधूच्या घरात?

आरं देवा. त्येंला ठावं न्हाय. तिचा बा न्हाय बघणार आत कोण हाय ते, दार वडून घेतील आन बांधतील— उठा! उठा म्हणती न्हवं, बसलात काय भितीला टेकून! रगात येतंय तर येऊ द्या! तुमी तरणं हाय, तुमी पळा. वरडत जावा, तुमचा आवाज वळखत्यात समदी. म्हणावं, म्हाराची पोर हाय आत. कुशाबाईची नकोशी हाय. तेवढं एक दार सोडा म्हणावं, तेवढं तिला भाईर काढा, बाकीच्यांचं मला—

न्हाय. थांबा. ती न्हाय यायची एकटी. बापावर गेलीया, एकदा न्हाय म्हणली की लिंबाला बांधा न्हायतर जाळा. सिंधूचा हात न्हाय सोडायची ती. समदी दारं सोडा म्हणावं. ऐकलंत? समदी. माझ्यासाठी थांबू नगा आता, जावा! जावा म्हणती न्हवं, व्हा भाईर माझ्या घरातनं!