ठिगळाला वळसा

—पांढरा म्हणजे कुठला पांढरा, ते आधी सांगा. हसू नका साहेब, मीपण असाच हसलो होतो आणि आमची ही बहिणीकडे गेली ती आज एकवीस दिवस झाले, तिकडेच आहे. झालं काय — बैठकीच्या भिंतीला ओल आली, तेवढा चौकोन मी खरवडला आणि दुकानातला पांढरा लावला. भिंत पांढरी, ठिगळही पांढरं. ही म्हणाली, वेगळं दिसतंय. मी म्हटलं, सव्वीस वर्षं रंग विकतोय मी, तू डोळे तपासून घे. तीन महिने रोज जेवताना तेच — ती भिंतीकडे बघणार, मी ताटाकडे. एक दिवस तिनं बॅग भरली. रंगावरून कोणी घर सोडतं का? सोडतं.

मग एकटाच बसलो असताना कोळी दिसला. जाळंबिळं नाही, तो उड्या मारणारा असतो ना, शर्टाच्या बटणाएवढा, तो. भिंतीवरून टुणटुण येतो, ठिगळाच्या कडेला थबकतो आणि वळसा घालून जातो — जशी काही तिथे विहीरच आहे. चार दिवस बघितलं, पेन्सिलीनं खुणा केल्या. अकरा वेळा आला, अकराही वेळा वळसा. दुकान? दुकान उशिरा उघडलं, काय करणार.

आपल्याकडे विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई रंग न्यायला येतात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, उन्हात जांभळ्याच्याही पलीकडचा एक प्रकाश असतो, अतिनील, आपल्या डोळ्यातलं भिंगच तो अडवतं. मधमाशीला दिसतो, या कोळ्यालाही दिसतो. आपल्याला नुसतं पिवळं दिसणाऱ्या फुलावर मधमाशीला मधाकडे जाणाऱ्या रेघा दिसतात म्हणे. आणि लाल? लाल तिला जवळजवळ काळाच. तसंच एक पांढरा तो प्रकाश गिळतो, दुसरा परत फेकतो — म्हणजे कोळ्याच्या लेखी माझ्या भिंतीला भगदाड पडलेलं.

घातला त्याला बाटलीत, झाकणाला भोकं पाडली, बसमध्ये मांडीवर घेऊन मेहुणीकडे गेलो. शेजारचा माणूस उठून उभाच राहिला. हिच्यासमोर बाटली ठेवली, म्हटलं, तुझं बरोबर होतं, हा साक्षीदार. हिनं बाटली उजेडाकडे धरून फिरवली. मग म्हणाली, “मी तीन महिने सांगत होते ते खोटं, आणि हा वळला ते खरं?”

मी म्हटलं, अकरा वेळा वळला. म्हणायला नको होतं.

मग तिनं सांगितलं — तिला कसलं अतिनील आणि कसलं काय. ठिगळावर मी ब्रश आडवा मारला होता, बाकी भिंतीवर उभा, आणि तिच्या खुर्चीतून ते दिसतं. एकदा तिथे बसून बघितलं असतं तर मलाही दिसलं असतं. नाही बसलो. कोळ्याला तिनं गॅलरीतल्या कुंडीत सोडलं, हळूच, बोटावर घेऊन. मला थांबा म्हणाली नाही.

काल बसलो तिच्या खुर्चीत. दिसतं हो. दुपारी चारच्या उन्हात तर अगदी—

काय? रंगाचा डबा? नाही, आज नाही देत. बाजूला व्हा जरा, शटर ओढायचंय. पाचची बस चुकेल माझी.