घेवड्याचा वाफा आणि नानांचा पंप

नाव: ओळखपत्रावरून वर उतरवून घेतले आहे. शेतावर मला सगळे भिंगरीमावशी म्हणतात. वय: एकोणसाठ. व्यवसाय: पूर्वी शाळेचे गणवेश शिवत असे, सध्या राहण्या-जेवणाच्या बदल्यात सेंद्रिय शेतांवर काम. हवालदारसाहेब म्हणाले, याला व्यवसाय म्हणत नाहीत. मग काय म्हणतात ते त्यांनीच लिहावे. राहणार: सध्या ताईंच्या शेतावर, पाहुण्यांची खोली. कायमचा पत्ता विचारला, तो मुलीचा दिला.

मी आपण होऊन ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. पुढील हकिगत उभ्यानेच सांगते, कारण खुर्चीत बसवत नाही.

माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर मुलीकडे राहिले. जावई चांगले आहेत, पण नुसते बसून खायचे म्हणजे मला चैन पडत नाही. एका मैत्रिणीकडून कळले की काही शेतांवर रोज पाच तास काम केले की खोली आणि दोन वेळचे जेवण मिळते. महिनाभर राहायचे आणि पुढचे शेत धरायचे. मुलगी म्हणाली, "आई, या वयात परक्याच्या शेतात राबायची ही काय हौस?" मी नऊ शेते केली. कुठेच महिन्यावर टिकले नाही. हे दहावे. इथे मला अकरावा आठवडा चालू आहे.

ताई म्हणजे या शेताच्या मालकीणबाई, वय अंदाजे चाळीस, एकट्याच असतात. तीन वर्षे त्यांनी रासायनिक औषधाचा थेंब जमिनीला लागू दिला नाही. या महिन्यात त्यांना सेंद्रिय शेतीचा दाखला मिळायचा होता. त्यांच्या प्रत्येक अवजाराच्या दांड्यावर हिरवा पट्टा आहे. कुंपणापलीकडचे साधे खुरपेही आत आणायचे नाही, हा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. मी मान डोलावली. मनात म्हटले, बाई जरा अतीच करते.

मागच्या महिन्यात एका सोमवारी ताई बियाणे आणायला दोन दिवस बाहेरगावी गेल्या. निघताना म्हणाल्या, "मावशी, घेवड्यावर मावा दिसला तर निंबोळी अर्क मारा, पण घाई करू नका." आदल्या दिवशी त्या असेही म्हणाल्या होत्या, "आता पुढच्या शेताला फोन नका करू. इथंच राहा की." मी भांडी घासत होते, ती घासत राहिले.

मंगळवारी सकाळी आठ वाजता कुंपणालगतच्या वाफ्यात मावा दिसला. शेंडे किडीने नुसते काळेभोर. मी अर्क कालवला, पंप पाठीला लावला, आणि ताई यायच्या आत सगळे उरकायचे म्हणून दांडा असा काही हाणला की तो मुळातून मोडला. पंप जुना होता असे कृपया लिहू नये. माझ्या हाताला दम नव्हता.

कुंपणापलीकडे नाना होते. नाना हे शेजारचे शेतकरी. ते रासायनिक औषधे मारतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची फवारणी वाऱ्याने कुंपणापर्यंत आली, त्यावरून ताईंचे आणि त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. तेव्हापासून बोलणे बंद आहे. मी त्यांच्याकडे पंप मागितला. ते म्हणाले, "मावशी, परवाच यातून औषध मारलंय. ताईला चालायचं नाही." मी म्हटले, "विसळून घेते हो, द्या तर खरं!" दोनदा विसळला. तीस वर्षे मी एकाच मशीनवर काळा दोरा काढून पांढरा ओवला, पांढऱ्या सदऱ्याला कधी काळे लागले नाही. पंपाचेही तसेच असेल असे वाटले. औषध टाकीला आणि नळीला धरून राहते हे मला कुठले माहीत! एवढा एकच वाफा फवारला. पंप परत देताना हात जोडले आणि म्हटले, "ताईंना यातलं काही कळू देऊ नका, आमचा पंप मोडल्याचंही." नाना हसले. "माझ्या तोंडून जाणार नाही."

का लपवले असे विचारले. सातव्या शेतावर माझ्या हातून पाण्याची मोटार जळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पिशवी भरून दारात ठेवलेली होती. इथे मला राहायचे होते. दुसरे कारण नाही.

त्याच शुक्रवारी तपासनीस येऊन पाने घेऊन गेले. परवा अहवाल आला. त्या वाफ्यात औषध सापडले, दाखला नाही, तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून. ताई कागद धरून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नानानं डाव साधला." मी समोरच शेंगा सोलत होते. पुढची शेंग उचलली. काल त्यांनी नानांविरुद्ध तक्रार दिली. काल मी पिशवी भरून बसथांब्यावर गेले. बस आली, पण चढले नाही. दुसरी आली, तिच्यातही नाही.

आज दहा वाजता नानांना इथे आणले. हवालदारसाहेबांनी सांगितले की त्यांना चारदा विचारले, ते एवढेच म्हणतात, "मी फवारलं नाही." माझे नाव काढत नाहीत. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नानांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना सोडावे.

ताई बाहेर आल्या आहेत असे कळले. तोंडाने सांगायचा धीर मला होत नाही, म्हणून हा जबाब वाचताना त्यांना आत घ्यावे अशी विनंती केली. त्यांना बोलावले. वाचता वाचता "इथे मला राहायचे होते" येथे ताईंनी हात वर करून थांबवले आणि पाणी मागितले. नंतर उरलेले वाचले.

ताई म्हणाल्या, "तीन वर्षं, मावशी." मी हो म्हटले. त्या बाहेर गेल्या. काचेतून दिसले, नानांनी बाकावर सरकून जागा दिली. त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच हात जोडून काही बोलल्या. परत येऊन माझ्या पिशवीकडे पाहून विचारले, "ही कशाला?" मी सांगितले, इथूनच परस्पर निघावे म्हणून.

"मोडका पंप कुठंय?"

"माझ्या खोलीत, पलंगाखाली."

हवालदारसाहेब म्हणाले, वर पाहुण्यांची खोली असे लिहिले आहे, आता माझी खोली म्हणता, यातले काय ठेवू? मी ताईंकडे पाहिले. ताई म्हणाल्या, "वरचं खोडा. आणि मावशी, मला तुमच्याशी चांगलं कडकडून भांडायचंय. ते घरी."

पत्त्यात खोडले आहे, तिथे माझी सही आहे. बाकीचे सर्वांदेखत मोठ्याने वाचले, ते मी सांगितले तसेच उतरले आहे. सही बसून केली.