उलटी बाजू नसलेली साडी

नाही, पण मला एक सांगा, ज्या साडीला उलटी बाजूच नाही, तिला इस्त्री करायची तरी कुठून?... थांबा, आधी माफी मागतो. हे मी कागदावर लिहून आणलंय, कारण चार माणसं समोर दिसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळा सातवीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिकडं गावी हरसूललाच राहिले, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. पण चूक माझी नव्हती हो! म्हणजे... होती. पण निम्मीच!

तुम्हाला सांगतो, देवळाली कॅम्पात सावळीरामकाकांच्या लाँड्रीत मी इस्त्री करतो. सगळे फौजींचे कपडे. साहेबांच्या छातीवरच्या त्या रंगीत फिती असतात ना, त्या शिवून लावायचं कामही माझंच, एक टाका दिसता कामा नये! तर अठ्ठ्याण्णव साल, गुरुवार, आणि बँकेतल्या सुधाताई आल्या. "देवराम, ही माझ्या आईची पैठणी. आई गेली, एवढीच राहिली. रविवारी माझ्या लेकीचं, यशश्रीचं लग्न, तिला हीच नेसवायचीय. शनिवारी सकाळी न्यायला येते. जपून हं!" आणि मी? मी आपला गप्प! मान हलवली फक्त.

आता काकांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं, जरीची साडी उलट्या बाजूनं इस्त्री करायची. म्हणून मी पदर उलटला. मोर! परत उलटला. मोर! तोच, तसाच, तेवढाच हिरवा! म्हटलं, देवराम, तू सुलटच बघतोयस, परत उलट... मोर! इकडं मी उलटी बाजू शोधतोय आणि तिकडं इस्त्री तापतेय, तापतेय, तापतेय... शेवटी एक बाजू मीच उलटी ठरवली आणि नुसतं टोक टेकवलं. चर्र्र! मोराच्या मानेत हरभऱ्याएवढं भोक. दोन्ही बाजूंनी!

काकांनी पदर उजेडात धरला. म्हणाले, "उद्याचा एक दिवस आहे. येवल्याला जा, जिथं विणली तिथं काही झालं तर झालं. नाहीतर शनिवारी ताईंना तूच सांगायचं, मी नाही सांगणार." मी सांगायचं! ज्यानं कंडक्टरला सुटे मागायची लाज वाटते म्हणून दोन वेळा ते सोडून दिलेत, त्यानं!

शुक्रवारी पहाटेची एसटी पकडली. निफाड गेलं, विंचूर गेलं, मी पिशवी छातीशी धरून बसलेलो, जसं काही लेकरूच. येवल्याला स्टँडवर उतरतो न उतरतो तोच एकानं हात धरला, "या दादा, बस्त्याला ना? लग्न तुमचंच दिसतंय!" सरळ नेऊन बसवलं यादवशेठच्या गादीवर. चहा आला. साड्या सुटल्या... एक, दोन, पाच, अकरा! "वहिनी गोऱ्या का सावळ्या?" यादवशेठ विचारतायत. "अरे, नवरदेव लाजतोय! ती डाळिंबी काढ रे!" आणि मी? मी आपला गप्प! पंधरावी साडी उलगडली तेव्हा शेवटी मी पिशवीच गादीवर पालथी केली.

सगळं दुकान वाकलं. "अरेरेरे," यादवशेठ म्हणाले, "दादा, हा मोर गेला. पदर कापा आन उशीचे अभ्रे शिवा!" सगळे हसले. कोपऱ्यात गिऱ्हाइकांना दाखवायला एक माग मांडलेला, त्यावरचा विणकर मात्र मान वर न करता म्हणाला, "कुसाबाईकडं घेऊन जा. बोळात शेवटचं घर."

एके काळी म्हणे त्या बोळात घरोघरी माग होते, दोन माणसं बोलत निघाली तर एकमेकांचं ऐकू यायचं नाही. आता तीन राहिलेत. एका घरातल्या मागावर कांद्याच्या गोण्या बघितल्या. कुसाबाईंच्या घरातही माग होता, विणताना पाय सोडून बसायचा खड्डाही होता, आणि त्या खड्ड्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली!

म्हातारीनं पदर हातात घेतला. डोळ्यांनी नाही, बोटांनी बघितला. "कोणी जाळला?" मी गप्प. "बोलत नाय म्हंजे तूच! उलट्या अंगानं नाय का फिरवायची?"

"सापडलं नाही," मी म्हणालो. दिवसभरातलं माझं पहिलं वाक्य!

म्हातारी अशी हसली, अशी हसली, की कोंबडी उठून बाहेर गेली. "आरं, पैठणीला उलटं अंग नसतंच बाबा! माझी सासू आधी खालून बघायची, मग वरून. जरा दिसलं की, उसव!" मग पदर माझ्याकडं सारला. "पण मला आता दिसत नाय, हात बी लटलटतो. तुला सुई धरता येती?"

मी फितींचं सांगितलं. तिनं डब्यातून जुनं हिरवं रेशीम काढलं. मी सुई धरली, तिनं एक बोट वर, एक बोट खाली. एक तार वरून, एक खालून... "दाट झालं. उसव!" उसवलं. "सैल सोडलं. उसव!" उसवलं. "हे वरून बरं हाय, खालून नाय. उसव!" सून लंकाबाई आतून ओरडली, "आवं आत्या, पोराला पाणी तरी पिऊ द्या!" "पाणी सांडंल!" दुपार गेली, ऊन भिंतीवर चढलं, माझी मान मोडायला आली, आणि तुम्हाला सांगतो, चौथ्यांदा म्हातारीनं बोट फिरवलं, पदर उलटला, परत उलटला, परत फिरवलं...

"भोक कुठं व्हतं रे?"

मी ओरडलो! मी! देवराम! अख्खा बोळ दारात आला. मी वाकून कुसाबाईंच्या पाया पडलो, तर म्हणतात, "पाया नको पडू, सुई दे माझी परत."

जाताना मुद्दाम यादवशेठच्या दुकानावरून गेलो आणि पदर उघडला. त्यांनी चष्मा लावला, दोन्हीकडून बघितलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "शेवटी दुसरीकडूनच घेतली ना!" आणि मी? गप्प! पण हे गप्प निराळं बरं का! छाती काढून गप्प!

शनिवारी सकाळी सुधाताई आल्या. मी रात्रीच ठरवलेलं, सांगायचं. त्यांच्या आईची साडी आहे, लपवायचं नाही. डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं, इस्त्री, भोक, येवला, म्हातारी, एका दमात! ताई पांढऱ्याफटक. "कुठं? दाखव!" मी पदर पसरला. ह्या मोरावर बघितलं... नाही. त्या मोरावर... नाही. काका आले, चष्मा आला, खिडकी उघडली, पदर उलटा, सुलटा, मी गुडघ्यावर बसून शोधतोय, "इथंच होतं हो ताई, आईची शपथ..." आणि मलाच सापडेना!

ताईंनी कपाळाला हात लावला. "देवराम, मला वाटायचं तू साधा मुलगा आहेस. ऐन लग्नाच्या घाईत कसल्या थापा मारतोस रे? आणि दोन दिवस साडी ठेवून इस्त्रीसुद्धा केली नाहीस? बघ कशी चुरगळलीय! कर आत्ता, मी थांबते इथंच."

काय करणार? इस्त्री कोमट केली, श्वास धरला, आणि केली.