चार फूट कमी पडलेला दोर

पाव्हणे मंडळी, मायबहिणींनो, कन्नडहून, सोयगावहून, शहरातून तुम्ही आलात. मला बोलायला उभं केलंय, पण भाषण मला येत नाही. म्हणून दादानं स्वतःच्या हातानं काय काय केलं, ते आधी सांगतो. मोजमाप सांगताना माझी जीभ अडत नाही.

घाटाच्या उतारावर सव्वीस पायऱ्या. प्रत्येक पायरीला सुक्या दगडांची भिंत. चुना नाही, सिमेंट नाही. त्यावर सिराह द्राक्षाच्या तीन हजार एकशे वेली. आणि आपण बसलोय ती ही वाइनची खोली. एवढं सगळं माझ्या थोरल्या भावानं, सुभाषदादानं केलं.

टाक्या मात्र मी केल्या. आठवी शिकलेला माणूस मी, वेल्डिंग बघून बघून शिकलो. दादा चिडवायचा, "दत्ता, भाकरीचा घेर पण मोजतो का रं?" मी म्हणायचो, "व्हय, मोजतो."

तेच आज बोलायचंय.

रस आंबताना टाकीत वायू साठतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्यात माणूस गुदमरतो. वाइन काढून घेतली तरी तळाच्या चोथ्यावर बसून राहतो. म्हणून चोथा काढायला उतरण्याआधी आम्ही दोराला कंदील बांधून आत सोडायचो, जुन्या विहिरीत सोडतात तसा. कंदील विझला, तर उतरायचं नाय.

गेल्या सोमवारी दादानं कंदील सोडला. जळत राहिला. दादा वरून ओरडला, "दत्ता, दिवा चांगला हाय, उतरतो!" मी खालून म्हटलं, "उतर."

फावड्याचा आवाज चार वेळा आला. पाचव्यांदा आला नाही.

कंदील तळाला गेलाच नव्हता, मंडळी. जुनी टाकी सात फुटांची. यंदाची नवी अकरा फुटांची. दोर जुनाच. तो मी कापलेला, सात फुटांचा. नवी टाकी सुतात मोजून केली, आणि दोर मोजला नाही.

वहिनी, हे तुम्हाला घरात सांगायची हिंमत झाली नाही. चारचौघांत सांगतोय.

मला भीती वाटते. या भिंतीपलीकडं दुसरी टाकी आत्ता आंबतेय. कान दिला तर बुडबुडे ऐकू येतात. आठ दिवसांनी ती रिकामी करावीच लागेल. दादाची लेक मनीषा काल म्हणाली, "काका, मी उतरते. नवा दोर आणलाय, मोजून." मी टेप लावली. बरोबर होता. तरी मी तिला नको म्हटलं.

आता या घरातलं कुणी टाकीत उतरणार नाही. चोथा वरूनच काढायचा. तेरा फुटी दांड्याचं दाताळं करतोय मी. दांडा तीनदा मोजला. तरी हात पुन्हा टेपकडं जातो. आयुष्यभर ज्या हातांचा तोरा मिरवला, त्यांचीच धास्ती बसलीय. सांगा, अशा माणसाच्या भरवशावर लेकीला ठेवावं का?

उभं राहू आता. दादासाठी दोन मिनिटं गप्प राहू. त्याआधी एकच, नाहीतर गावात उलटसुलट होईल. परवा शहरातल्या एका हॉटेलवाल्याचा माणूस आला होता. पायऱ्या, वेली, टाक्या, सगळंच मागत होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही म्हणाल तसं." मनीषा दारात उभी होती, हाताला द्राक्षाचा चिकटा. भीती म्हणत होती, देऊन टाक. मी नाही म्हटलं.

तो दोन कोटी दहा लाख देत होता.