ओवाळणीचं घड्याळ

बाहत्तर साली नगरच्या एस्टी स्टँडवर तमाशाच्या फडातल्या दोघी रांगेत माझ्यापुढं होत्या. त्यांचं बोलणं अजून कानात आहे.

"मालनबाई, काल मी गावाला गेल्ते, तवा तंबूत कुनी परदेशी गोरा शिरला म्हनं?"

"व्हय. शेवंताकडं बोट केलं अन् हातातलं घड्याळ काढून पुढं धरलं."

"बया! भाषा कळली का?"

"भाषा कशाला? नजर कळली. शेवंता माझ्यामागं दडली."

"मग?"

"मी आरतीचं ताट आनलं. समद्या बायांनी 'दादा, दादा' म्हनत त्याला ओवाळलं. घड्याळ ताटात घेतलं, ओवाळनी म्हनून."

"त्याला काय उमगलं?"

"शब्द न्हाई उमगला. पन वरमला, हात जोडून गेला."

"सुटली गं बाई! कुठं हाय ती?"

तेवढ्यात शेंगांची पुडी घेऊन शेवंता आली. मनगटावरचं ढिलं घड्याळ सावरत म्हणाली, "मावशे, दादाचं घड्याळ म्हनतंय, गाडीला अजून येळ हाय."